स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाचे वर्णन कसे करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आवाजाविषयी नेमाने बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. देवल क्लबच्या बैठकांना जाणारे श्रोते, गणेशोत्सवात मंडळांना स्पीकर भाड्याने देणारे व्यावसायिक, भजनी मंडळाचा मिक्सर सांभाळणारे कार्यकर्ते, जुन्या ध्वनिमुद्रिका जपणारे संग्राहक आणि पहिला चांगला हेडफोन घेऊ पाहणारे विद्यार्थी, या सर्वांचा विषय एकच असला तरी त्यांचे शब्द एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यातून दुकानात, मंडपात व घरात गैरसमज होतात. पुढील प्रश्न अशा संभाषणांतून पुन्हा पुन्हा समोर आलेले आहेत. उत्तरे देताना एक कसोटी कायम ठेवली आहे: एकाने वापरलेला शब्द ऐकून दुसऱ्याला तीच गोष्ट त्याच ठिकाणी ऐकू आली, तरच तो शब्द उपयोगाचा.

'आवाज एकदम क्लिअर आहे' असे म्हटले की सगळे आलेच ना?

नाही. या एका शब्दाने आपल्याकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. कीर्तनाला आलेला श्रोता 'क्लिअर' म्हणतो तेव्हा त्याला शब्द न् शब्द समजला असे म्हणायचे असते. रेडिओ ऐकणाऱ्याला खरखर नाही असे म्हणायचे असते. आणि नवा हेडफोन घातलेल्या विद्यार्थ्याला बहुधा झांजा पूर्वीपेक्षा उठून ऐकू येत आहेत असे सुचवायचे असते. पहिली गोष्ट मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपने) पट्ट्यावर आणि जागेतील घुमाऱ्यावर अवलंबून असते, दुसरी पार्श्वभूमीच्या शांततेवर आणि तिसरी उंच स्वरांच्या उठावावर, जो कधी गुण असतो तर कधी दोष. म्हणून 'शब्द स्वच्छ ऐकू येतात', 'मागे खरखर नाही' आणि 'झांजा पुढे येतात' ही तीन वेगळी वाक्ये वापरावीत.

कोणता शब्द आवाजाच्या कोणत्या भागाला लागू होतो?

माणसाचा कान साधारणपणे २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो, आणि मराठीत रोज वापरले जाणारे बहुतेक शब्द या पट्ट्याच्या एखाद्या तुकड्यावर बोट ठेवतात. अगदी तळाशी, ६० हर्ट्झच्या खाली, आवाज कानाइतकाच छातीला जाणवतो. त्याला 'हादरा' म्हणणे योग्य. त्याच्या वर सुमारे २५० हर्ट्झपर्यंत आवाजाचे अंग असते: ते पुरेसे असेल तर आवाज 'भरदार' वाटतो, जास्त झाले तर 'जड', आणि कमी पडले तर 'किडकिडीत'. २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास उठाव आला की 'कोंदट' आणि 'डब्यातला' हे शब्द आपोआप तोंडी येतात. त्यावरचा, साधारण २ किलोहर्ट्झपर्यंतचा फुगवटा आवाजाला 'नाकातला' करतो. सार्वजनिक सूचनांसाठी लावलेल्या कर्ण्याचा आवाज तसा असतो, कारण कर्ण्यातून तळ आणि टोक दोन्ही गळून हाच मधला भाग उरतो.

२ ते ५ किलोहर्ट्झ हा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण कान येथेच सर्वाधिक संवेदनशील असतो. येथील मात्रा योग्य असेल तर गायक 'समोर' येतो आणि शब्द 'ठसठशीत' होतात. ती थोडी वाढली की आवाज 'टोचतो', आणखी वाढली की 'कर्कश' होतो. कमी पडली तर गायक वादकांच्या 'मागे' जातो. ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये स, श आणि च यांचे घर्षण असते. त्याच्याही वर टाळांची किणकिण, तारेला झालेला नखीचा स्पर्श आणि सभागृहातल्या हवेची जाणीव असते. हा भाग असला की आवाज 'मोकळा' वाटतो, नसला की 'झाकलेला'.

या सीमा काटेकोर नाहीत आणि एकमेकींत मिसळतात. तरीही मिक्सरवर बसलेल्या माणसाला 'बुवांचा आवाज बरा येत नाही' असे सांगण्याऐवजी 'कोंदट येतो' असे सांगितले, तर त्याला कोणते बटण कोणत्या दिशेने फिरवायचे हे लगेच कळते.

'बेस चांगला आहे' याचा नेमका अर्थ काय?

बेस म्हणजे आवाजातील खालचे स्वर. याच शब्दाने सर्वाधिक घोटाळा होतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा सा) सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडत नाही, आणि तरीही तो स्पीकर ऐकताना खर्जाचा स्वर कोणता आहे हे आपल्याला अचूक कळते. याचे कारण असे की त्या तारेचे १३९, २०८, २७७, ३४६ हर्ट्झ असे उपस्वर (मूळ स्वराच्या पटीत येणारे वरचे स्वर) स्पीकर व्यवस्थित ऐकवतो, आणि त्यांच्यातील समान अंतरावरून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तेव्हा 'खर्ज समजतो' आणि 'खर्ज जाणवतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान स्पीकरविषयी पहिली खरी असते आणि जाहिरातीत मात्र दुसरी सांगितली जाते.

मात्रा आणि दर्जा यांतील फरकही शब्दांत दिसला पाहिजे. तबलजी डग्ग्यावर मनगटाचा दाब बदलून जी मींड काढतो, तिच्यात स्वर वर चढतो आणि खाली उतरतो. चांगल्या स्पीकरवर हा प्रवास स्पष्ट ऐकू येतो, आणि अशा बेसला 'घट्ट' किंवा 'बांधीव' म्हणावे. सैल बेस असलेल्या स्पीकरवर डग्ग्याचा प्रत्येक आघात एकाच स्वराचा 'धुम्म' होऊन येतो आणि पुढचा आघात आला तरी आधीचा विरलेला नसतो. असा बेस मात्रेने भरपूर असतो, पण त्यातून वाजवणाऱ्याचा हात हरवतो. माझ्या मते बेस कमी असण्यापेक्षा हा दोष अधिक गंभीर आहे, कारण कमी बेसमध्ये संगीताचा काही भाग ऐकू येत नाही, तर सैल बेसमध्ये जे वाजलेच नाही ते ऐकू येते.

दुकानात घट्ट वाटलेला बेस घरी आल्यावर का घुमतो?

बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतो आणि जागा बोलत असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी लाट नेमकी बसते, तो ध्वनी तेथे साठून राहतो. १० फूट बाय १२ फूट मापाच्या आपल्याकडील नेहमीच्या खोलीत असे ठळक स्वर साधारण ५६ आणि ४७ हर्ट्झला येतात, आणि गाण्यात त्यांच्या जवळपासचा स्वर आला की तेवढाच फुगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला असेल तर हा परिणाम आणखी वाढतो. म्हणून 'घुमतो' असे म्हणण्यापूर्वी स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढून पाहावा आणि स्वतः बसण्याची जागा बदलून पाहावी. जागा बदलताच घुमणे बदलले तर तो दोष खोलीच्या नावावर लिहावा.

फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत टाळी वाजवली की मागोमाग बारीक थरथर ऐकू येते. ती थरथर गाण्यातही मिसळते आणि श्रोता स्पीकरला 'कर्कश' ठरवतो. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी तिथे पुष्कळ फरक पडतो. खालच्या घुमाऱ्यावर मात्र सतरंजी आणि पडद्यांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

'चिरका' आणि 'टोचरा' यांत फरक करावा का?

करावा. 'टोचरा' हा शब्द २ ते ५ किलोहर्ट्झमधील जास्त उठावासाठी ठेवावा, जो सर्व स्वरांवर सारखा जाणवतो. 'चिरका' हा शब्द आवाज वाढवल्यावर, विशेषतः तारसप्तकात, स्वराला जी चीर पडते तिच्यासाठी ठेवावा. ती बहुधा विकृतीची, म्हणजे मूळ लाटेचा आकार बिघडल्याची, खूण असते. केवळ स आणि श यांवरच काही खुपत असेल, तर दोन्ही शब्द टाळून 'सकार फुटतात' असे सरळ म्हणावे. सकार फुटण्याचे कारण अनेकदा गायकाच्या अगदी तोंडाशी धरलेला मायक्रोफोन हे असते, त्यामुळे दुसरे ध्वनिमुद्रण ऐकल्याखेरीज स्पीकरला दोष देऊ नये.

हलगी स्पीकरवर कधीच खरी वाटत नाही. त्या उणिवेला काय म्हणावे?

'आघात बोथट होतो' असे म्हणावे. खासबाग मैदानात कुस्तीच्या वेळी हलगी वाजते तेव्हा काडी कातड्यावर पडल्यापासून काही सहस्रांश सेकंदांत आवाज शिखरावर पोचतो आणि तितक्याच झटकन खाली येतो. ही कडक, कोरडी थाप मूळ रूपात ऐकवायची तर ॲम्प्लिफायरकडे क्षणभर लागणारी मोठी शक्ती हवी, स्पीकरचा पडदा लगेच हलला आणि लगेच थांबला पाहिजे, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ते शिखर छाटलेले नसले पाहिजे. शेवटची अट सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. आवाज सतत मोठा वाटावा म्हणून शिखरे दाबून बाकीचा भाग वर उचलण्याची पद्धत ध्वनिमुद्रणात रूढ आहे. तसे केल्यावर हलगी आणि तिच्या जोडीचे घुमकं यांतील लहानमोठेपणा सपाट होतो, आणि ऐकणाऱ्याला थाप मोठी असूनही 'दबलेली' वाटते. येथे मोठेपणा आणि जोर हे शब्द वेगळे ठेवणे फार आवश्यक आहे.

फाइल फार लहान केली असेल तर आणखी एक दोष येतो. एमपीथ्री पद्धतीत ध्वनीचे १,१५२ नमुन्यांचे (क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांचे) तुकडे पाडले जातात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक तुकडा सुमारे २६ सहस्रांश सेकंदांचा असतो, आणि माहिती वाचवताना झालेली चूक तुकड्यात मागेपुढे पसरते. परिणामी आघाताच्या किंचित आधीच 'फस्' असा पुसट आवाज येतो. भजनातील टाळांवर हा दोष पाण्यातून आल्यासारख्या 'सळसळी'च्या रूपात जाणवतो. फाइल पुरेशा मोठ्या दराने, म्हणजे सेकंदाला पुरेशी माहिती ठेवून, बनवली असेल तर बहुतेकांना तो ऐकू येत नाही.

आवाज फाटणे, खरखर आणि भुंगा हे एकाच प्रकारचे दोष आहेत का?

तिन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना हे शब्द नीट वापरले तर वेळ वाचतो. आवाज 'फाटतो' तो मोठ्या पातळीवर: ॲम्प्लिफायरची मर्यादा संपली की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर तयार होतात. 'खरखर' आवाजाची पातळी बदलताना येत असेल तर बहुधा बटणात धूळ असते. सतत येत असेल तर सैल जोडणी पाहावी. 'भुंगा' म्हणजे गाणे बंद असतानाही येणारी एकसुरी गुणगुण. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ती ५० किंवा १०० हर्ट्झला येते आणि अनेकदा दोन उपकरणांचे अर्थिंग वेगवेगळ्या मार्गांनी जोडले गेल्यामुळे निर्माण होते. टेपवरचा संथ 'सुसकारा' आणि ध्वनिमुद्रिकेवरची 'टकटक' हे माध्यमाचे दोष आहेत. कॅसेटचा वेग स्थिर नसेल तर 'सूर हलतो'. हार्मोनियमचा लांब धरलेला सूर ऐकला की ते चटकन उघड होते.

स्टिरिओतील 'स्टेज' म्हणजे काय?

दोन स्पीकरांच्या मध्ये, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही, तिथे गायक बसल्याचा भास होतो, तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ऐकू येते. या मांडणीला शौकीन मंडळी स्टेज म्हणतात. दोन वाहिन्यांच्या या कल्पनेचे पेटंट ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये मागितले होते. हे चित्र उभे राहण्यासाठी दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो. वर्णन करताना तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: मांडणी किती 'रुंद' आहे, प्रत्येक वाद्याची जागा किती 'पक्की' आहे, आणि कोण जवळ व कोण दूर आहे हे कळते का. तिसऱ्या गोष्टीला 'खोली' म्हटल्यास ऐकणारा घरातल्या खोलीविषयी समजतो, म्हणून 'दूर-जवळपणा' हा शब्द बरा.

मंडपातील किंवा मिरवणुकीतील आवाजाला हे शब्द लावू नयेत, कारण तेथे बहुतेक लोक त्रिकोणाच्या बाहेरच उभे असतात.

'वॉर्म', 'ब्राइट' असे शब्द कोठून आले? ते वापरावेत का?

अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' हे नियतकालिक सुरू केले आणि उपकरणांचे मूल्यमापन केवळ मोजमापांवरून न करता ऐकून करण्याचा आग्रह धरला. ऐकलेले सांगायचे तर शब्द ठरलेले हवेत, म्हणून त्यांनी शब्दांच्या व्याख्याही जुळवल्या. पुढे हॅरी पिअरसन यांनी १९७३ मध्ये 'द ॲब्सोल्यूट साउंड' सुरू केले आणि खऱ्या जागेत, मायक्रोफोनशिवाय होणारे जिवंत संगीत हीच तुलनेची कसोटी मानली. आज जगभर वापरले जाणारे शौकिनांचे शब्द बऱ्याच अंशी याच परंपरेतून आले आहेत.

'वॉर्म' म्हणजे साधारण १०० ते ३०० हर्ट्झमध्ये किंचित भर आणि वरच्या टोकाला हलका उतार. 'ब्राइट' म्हणजे त्याच्या उलट, वरच्या भागाचा उठाव. हे शब्द वापरण्यात गैर काही नाही. मात्र आपल्या शेजारी, मिरजेत, तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांकडे हाच भेद सांगणारी भाषा पूर्वीपासून आहे. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ते जवारी लावतात, आणि ती 'खुली' आहे की 'बंद' हे सांगतात. खुल्या जवारीत वरचे उपस्वर भरपूर झळकतात. बंद जवारीत ते आवरलेले असतात आणि आवाज गोल होतो. स्पीकरविषयी 'खुला' आणि 'गोल' असे म्हटले तर गाण्याच्या वर्तुळातील कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार स्पीकरवर वेगळा ऐकू येतो का, ही तर तपशिलाची उत्तम परीक्षा आहे. तो तारेचा पाचवा उपस्वर, वरील उदाहरणात सुमारे ३४६ हर्ट्झचा. त्यामुळे लहान स्पीकरलाही तो सहज जमावा. तो हरवत असेल तर आवाज घुमाऱ्याने किंवा विकृतीने गढुळला आहे असे समजावे.

'डॉल्बी' हे आवाजाचे वर्णन आहे का?

आपल्या भागात उत्सवात उभारलेल्या स्पीकरांच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. ज्यांचे हे नाव आहे त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन केली, आणि तिचे पहिले उत्पादन टेपवरील सुसकारा कमी करणारे उपकरण होते. तेव्हा हा शब्द येथे केवळ यंत्रणेचे रूढ नाव समजावा. आवाजाच्या दर्जाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक) ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे एक मान्य गणित असे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, तर १०० डेसिबलचा फक्त १५ मिनिटे सहन करावा. अशा भिंतीसमोर तासभर थांबल्यावर कानाची संवेदनशीलता तात्पुरती उतरते, सर्व आवाज 'दबके' वाटू लागतात आणि कानात शीळ वाजते. त्या अवस्थेत कोणत्याही उपकरणाविषयी मत बनवू नये. आणि असे वारंवार होऊ दिले तर गेलेले ऐकणे परत येत नाही.

दोन स्पीकरांत मोठा वाजणाराच चांगला का वाटतो?

कानाचा स्वभावच तसा आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कान खालच्या स्वरांना फार कमी दाद देतो. म्हणून तोच स्पीकर रात्री हळू लावला की 'किडकिडीत' आणि दिवसा मोठा लावला की 'भरदार' वाटतो. त्याशिवाय, दोन उपकरणांत एका डेसिबलपेक्षाही कमी फरक असेल तर तो 'मोठा' म्हणून ओळखू येत नाही. तो 'मोकळा', 'जिवंत', 'तपशीलवार' अशा शब्दांत बाहेर पडतो. दुकानदाराने एका स्पीकरचा आवाज किंचित वाढवून ठेवला तर सर्व विशेषणे त्याच्या वाट्याला जातात. तुलना करायची असेल तर आधी पातळी शक्य तितकी समान करावी. काटेकोर प्रयोगांत हा फरक ०.२ डेसिबलच्या आत ठेवतात.

जुन्या ध्वनिमुद्रिकांना हे शब्द लावणे न्याय्य आहे का?

ध्वनिमुद्रण आणि गायन यांना वेगवेगळे शब्द दिले तर न्याय्य आहे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यात गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच कोरत असे. त्या पद्धतीत तळाचे आणि टोकाचे स्वर उमटतच नसत. त्यानंतरच्या मुद्रिकांचा पट्टा रुंदावला, पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांतच संपत असे. कोल्हापूर दरबारात राहिलेल्या अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या ऐकताना 'सुईची सरसर आहे, वरचा भाग झाकलेला आहे' हे माध्यमाचे वर्णन झाले. 'आवाज अखंड, भरीव आणि तिन्ही सप्तकांत एकसारखा आहे' हे गायिकेचे. दुसरे वर्णन पहिल्यातून आरपार ऐकू येते, आणि ते ऐकण्याची सवय लावून घेणे फार मोलाचे आहे. प्रभात कंपनीने कोल्हापुरात काढलेल्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'सारख्या बोलपटांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा.

सरसर पूर्ण पुसण्याच्या हट्टाने गाण्याचे वरचे उपस्वरही पुसले जातात. तसे झालेल्या प्रतीला 'स्वच्छ' न म्हणता 'घासून काढलेली' म्हणावे.

मोजमाप उपलब्ध असताना शब्दांची गरज काय?

दोन्ही हवेत. स्पीकरच्या प्रतिसादाच्या (कोणता स्वर किती मोठा येतो याच्या) आलेखावरून १२० हर्ट्झला ४ डेसिबलचा उठाव आहे हे कळते, पण त्याने भीमपलासीतील मंद्र निषाद कसा लागतो हे ऐकल्याशिवाय कळत नाही. उलट, केवळ शब्दांवर विसंबणेही धोक्याचे आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या स्पीकरांच्या आकाराने आणि नावाने गुण बदलले. पडद्याआड मात्र श्रोत्यांची पसंती बऱ्याच अंशी जुळते, आणि ती सपाट व गुळगुळीत प्रतिसाद असलेल्या स्पीकरकडे जाते, असे त्यांच्या दीर्घ संशोधनात दिसले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १११६ या शिफारशीत बिघाडासाठी पाच पायऱ्या आहेत: ५ म्हणजे फरक जाणवत नाही, ४ म्हणजे जाणवतो पण खटकत नाही, ३ म्हणजे किंचित खटकतो, २ म्हणजे खटकतो आणि १ म्हणजे फार खटकतो. 'जाणवणे' आणि 'खटकणे' वेगळे ठेवण्याची ही शिस्त घरीही पाळता येते.

'प्राण आहे', 'आत्मा हरवला' असे शब्द वापरू नयेत का?

ते खऱ्या अनुभवातून येतात, म्हणून त्यांची हेटाळणी करू नये. पण तेथे थांबूही नये. प्राण हरवला असे वाटले तर पुन्हा ऐकून काय नेमके हरवले ते शोधावे. बहुतेक वेळा आघात बोथट झालेला असतो, किंवा लहान-मोठ्या स्वरांतील अंतर दाबले गेलेले असते, किंवा गायकाचा श्वास आणि सभागृहाची हवा गेलेली असते.

वय झालेल्या श्रोत्याचे मत ग्राह्य धरावे का?

होय. वयानुसार वरच्या टोकाचे ऐकणे कमी होते, त्यामुळे टाळ आणि सकार यांविषयी तरुण श्रोत्याला सोबत घ्यावे. सूर, लय, घुमारा, आघात आणि विकृती ओळखण्यात चाळीस वर्षे बैठका ऐकलेला कान पुष्कळदा सरस ठरतो.

स्पीकर पसंत करायला जाताना काय न्यावे, आणि काय लिहावे?

स्वतःला पाठ असलेली चार-पाच ध्वनिमुद्रणे न्यावीत: तानपुऱ्यासह पुरुषाचा खयाल, एक स्त्रीचा आवाज, तबल्याचे एकलवादन, हलगी किंवा लेझीम, आणि टाळांसह भजन. दुकानातील दाखवण्यासाठी ठेवलेली गाणी शेवटी ऐकावीत, कारण ती त्या स्पीकरला शोभतील अशीच निवडलेली असतात. ऐकताना आधी एक बोलणारा आवाज लावावा. माणसाच्या बोलण्यातील कोंदटपणा आणि नाकातलेपणा ओळखण्यास कोणताही अभ्यास लागत नाही.

लिहिताना ध्वनिमुद्रण, त्यातील जागा, आवाजाची पातळी, स्पीकरची जागा आणि मग शब्द, असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ: 'तबल्याच्या ध्वनिमुद्रणात तिसऱ्या मिनिटानंतर डग्ग्याच्या मींडीतील स्वर वेगळे होत नाहीत, बेस सैल, पातळी समोरासमोरच्या बोलण्याइतकी, स्पीकर भिंतीपासून अर्ध्या फुटावर, दोन फूट पुढे ओढल्यावर दोष अर्धा कमी झाला.' दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा दुसऱ्या दुकानात जाताना हीच चिठ्ठी सोबत न्यावी.